पुलाखालच्या बैठकांतून

मुंबईत बेघरांच्या निवाऱ्यांसाठी जागा शोधणं, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणं आणि पुलाखाली बैठका घेणं यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून हाती लागलेलं काही.

१. मोजणी रात्रीच करावी. दिवसा पुलाखाली बोचकी आणि म्हातारी माणसं तेवढी दिसतात. बाकीचे नाक्यावर नाहीतर हॉटेलच्या मोरीवर कामाला असतात. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. शहरी निवाऱ्यांचा निकष सांगतो, एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा. म्हणजे मुंबईला सव्वाशेच्या आसपास. ते सगळे उभे राहिले आणि प्रत्येकात शंभर माणसं झोपली, तरी साडेबारा हजारच. उरलेल्यांचं काय, हे निकष ठरवणाऱ्यांना विचारावं.

२. निवारा कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा. पहाटे दादरच्या फुलबाजारात पोचायचं असेल, तर गोवंडीतला निवारा कितीही स्वच्छ असो, बाई दादरचा फुटपाथच धरणार. ‘यांना सुधारायचंच नसतं’ असं म्हणणाऱ्यांनी पहिल्या लोकलची वेळ बघावी.

३. आधी बोचक्याची सोय, मग गादीची. बैठकीत हमखास येणारा प्रश्न : “ताई, कुलूप लावायला पेटी मिळंल का?” दुसरा प्रश्न नवरा-बायकोला एकत्र राहू देणार का, हा. नवरा एका निवाऱ्यात, बायको दुसऱ्यात आणि वयात आलेला मुलगा तिसरीकडे, अशी वाटणी कोण पत्करेल? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत कुटुंबांसाठीही निवारे धरलेले होते. कागदावर.

४. आखणी बायकांच्या हाती द्यावी. हे माझं डोकं नाही, भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ रिकामे करायची मुभाही महापालिकेला दिली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवासीयांची मोजणी केली, कारण सरकारी नोंदींत ते धड नव्हतेच. मोजणीत स्वतः उतरलेल्या बायकांनी पुढे ‘महिला मिलन’ उभं केलं. रोजच्या कमाईतून बचत केली, सरकारी जमिनी कुठे पडून आहेत ते हुडकलं, घराचा खऱ्याखुऱ्या आकाराचा नमुना उभारून प्रदर्शन भरवलं. खोली लहान असली तरी चालेल, पण उंची चौदा फूट हवी, म्हणजे माळा काढता येतो, हे त्यांचं म्हणणं. आर्किटेक्टच्या कागदावर हा माळा आपसूक येत नाही. दहा बाय दहात सासू, सून आणि तीन पोरं निजवलेल्या बाईलाच तो सुचतो. पुढे मानखुर्दला यातल्या काहींची घरं झाली. मध्ये कितीतरी वर्षं गेली, हेही सांगायला हवं.

५. निवाऱ्यात कागदपत्रं करून देणारा माणूस असावा. बेघराला मतदार व्हायला पत्त्याचा पुरावा लागत नाही; सांगितलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे निवडणूक यंत्रणेच्या माणसाने रात्री येऊन बघायचं असतं. हा नियम पुलाखाली कुणाला ठाऊक नसतो, आणि कधी कधी खिडकीपलीकडच्या खुर्चीलाही नसतो. म्हणून त्याची प्रत खिशात ठेवावी. मतदार कार्ड हाती आलं की पुढच्या खिडक्यांवरचा सूर जरा उतरतो.

६. शेजारच्या सोसायटीचा विरोध गृहीत धरावा आणि काम सुरू होण्याआधीच त्यांना भेटावं. “हे लोक कुठून आणणार?” असं एका सेक्रेटरींनी विचारलं होतं. आणायचे कुठून, ती माणसं त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीला टेकून झोपत होती आणि त्यांतली एक बाई त्यांच्याच जिन्याचा केर काढत होती. एवढं कळल्यावर विरोध मावळला नाही, पण बोलणं पाणी, कचरा आणि संडासाच्या वेळांवर आलं, आणि त्यावर तोडगा काढता येतो.