कुत्र्याचा पट्टकृमी आणि ज्वर

हायडॅटिड रोगाचा पट्टकृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांब असतो. शेळ्यामेंढ्यांचे दूषित कच्चे काळीज खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात तो वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत व न धुतलेल्या हातांवाटे मुलांच्या पोटात जातात. मग यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ होते आणि वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते. या काळात ज्वर बहुधा नसतो. गाठ पिकली वा फुटली म्हणजे तो येतो. फुटल्यास प्रसंगी प्राणही धोक्यात येतात. म्हणून उजव्या बरगडीखाली फुगवटा व ज्वर असलेल्या मुलाचे पोट चोळू देऊ नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नवी मुंबईलगतच्या गावांतील शिक्षकबंधुभगिनींनी जेवणापूर्वी हात धुणे व कुत्र्यास कच्चे मांस न घालणे, हे दोन पाठ नित्य गिरवून घ्यावेत.