वनस्पतिजन्य अल्कलॉइड आणि व्यसनमुक्ती

अफू किंवा ब्राऊन शुगर सोडताच अंगदुखी, जुलाब, उलट्या व निद्रानाश सुरू होतो. तो सोसवत नाही म्हणून अनेक रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. यावरील एक परिणामकारक औषध अफूच्याच झाडाने दिले आहे. त्यातील थिबेन या अल्कलॉइडपासून १९६६ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन तयार झाले. मेंदूत अफू जेथे कार्य करते तेथेच ते कार्य करते, परंतु अंशतः. त्यामुळे त्रास शमतो आणि श्वास मंदावण्याचा धोका कमी राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

तथापि वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे. मध्य आफ्रिकेतील इबोगा झुडपाच्या मुळांच्या सालीतील इबोगेनविषयी अशीच आशा व्यक्त होते. मात्र त्यामुळे हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवले आहेत.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे की, कोणतेही चूर्ण परस्पर देऊ नये. ब्युप्रेनॉर्फिनही वैद्यकीय देखरेखीखालीच सुरू करावे. अफूचा अंमल असताना दिल्यास त्रास उलट वाढतो. औषध मध्येच थांबवू नये. काही काळ व्यसन सुटल्यानंतर घेतलेली पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. लोकलज्जेपोटी उपचार लांबवू नयेत. व्यसनाधीनता हा उपचारसाध्य आजार आहे.