वर्षाचे धान्य एकदम भरावे का?

प्रश्न : आष्टी (ता. परतूर, जि. जालना) येथील पाच माणसांच्या कुटुंबाचा किराणा खर्च वाढतो आहे. वर्षाचे धान्य एकदम भरल्यास बचत होते का?

उत्तर : होते, मात्र खरेदी सुगीत हवी आणि धान्य टिकवता आले पाहिजे. आधी रेशनचा हिशेब करावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023पासून ते मोफत आहे. पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाचे वर्षाला 300 किलो होतात. तेवढे धान्य वजा करूनच बाकीचे घ्यावे.

तूर डिसेंबर-जानेवारीत, रब्बी ज्वारी व हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आवक वाढली की भाव सहसा उतरतात. अख्खी तूर घेऊन डाळ करणे बहुधा सर्वांत फायद्याचे. क्विंटलमागे 70 किलोच्या आसपास डाळ पडते. म्हणून तुरीची किंमत व भरडाईची मजुरी मिळून येणारी रक्कम हाती आलेल्या डाळीच्या वजनाने भागावी आणि मगच दुकानातल्या भावाशी ताडून पाहावी. चुनी जनावरांना होते.

धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की ते वाळले. पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावे. गरम भरल्यास आत ओल धरते, मग कीड लागते आणि सगळी बचत वाया जाते.

तेल, मसाले महिन्यापुरतेच घ्यावेत. तेलाच्या पिशवीवरचे वजन अवश्य वाचावे : लिटरभर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरते, त्याहून कमी वजनाची पिशवी म्हणजे लिटरही नव्हे.