पाण्यातील आयन आणि प्रकाशाची साक्ष

इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव उजनी जलाशयाच्या काठी वसले आहे. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र पाणी ओसरले की दृष्टीस पडते. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात येते आणि भोवतालच्या उसाला दिलेल्या खतांचा अंशही पाण्यात उतरतो. पाणी नितळ दिसले तरी त्यात काय विरघळले आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

विरघळलेले क्षार विद्युतभारित कणांच्या, म्हणजेच आयनांच्या रूपात असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे नायट्रेट 45 मिलिग्रॅम, शिसे 0.01 मिलिग्रॅम व पारा 0.001 मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. शिसे व पारा यांची इतकी अल्प मात्रा हुडकण्याचे एक साधन म्हणजे प्रतिदीप्त रासायनिक संवेदक होय.

अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देण्याच्या गुणास स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 च्या सुमारास प्रतिदीप्ती हे नाव दिले. शिक्षकांना हा गुण वर्गात सहज दाखविता येईल. क्विनाइनयुक्त टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली निळे चमकते. त्यात मीठ टाकताच क्लोराइड आयनांमुळे ती चमक मंदावते. (दिव्याकडे थेट पाहू नये.)

संवेदकाच्या रेणूत आयन पकडणारा ग्राहक व चमकणारा रंजक असे दोन भाग असतात. ग्राहक रिकामा असताना त्याचा इलेक्ट्रॉन रंजकाकडे उडी घेतो व चमक विझते. आयन येऊन बसला की तो इलेक्ट्रॉन अडकून पडतो आणि रेणू उजळतो. मूळचे श्रीलंकेचे ए. पी. डी सिल्वा यांनी बेलफास्ट येथे या तत्त्वावर मोलाचे संशोधन केले. रक्तातील सोडियम मोजण्यासाठी त्याचा उपयोग झाला आहे.

जलाशयाच्या पाण्यात मात्र अडचणी आहेत. शेवाळातील हरितद्रव्य व कुजलेल्या पाल्यातील द्रव्ये स्वतःच चमकतात. तांबे व लोह अनेक रंजकांची चमक विझवितात. पळसदेवसारख्या ऊसपट्ट्यात ज्याची चिंता अधिक, ते नायट्रेट तर रेणूंच्या पकडीत सहजी येत नाही. त्यासाठी बहुधा अन्य पद्धती वापराव्या लागतात. जलजीवन मिशनखाली गावोगावी महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. अशा संचाने संशय दर्शविल्यास ग्रामपंचायतीने स्रोताचे नाव व दिनांक लिहून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा आणि अहवाल येईपर्यंत तो स्रोत पिण्यासाठी वापरू नये.