लाल फ्लास्क आणि आमची घाई

प्रोजेक्टसाठी आम्ही समुद्री सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित शेवाळ, वाढवत होतो. त्यातून फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य काढायचं होतं. हिशोब सोपा वाटला : प्रकाश जास्त, म्हणजे वाढ जास्त, म्हणजे रंग जास्त! ८ फ्लास्क ट्यूबलाइटच्या अगदी जवळ मांडले. जागा उरली नाही म्हणून नववा मागच्या कोपऱ्यात, सावलीत.

दोन आठवड्यांनी पुढचे आठही मेसच्या वरणासारखे पिवळट, आणि कोपऱ्यातला कोकम सरबतासारखा लाल. "कंटॅमिनेशन!" असं म्हणून मी त्यात ब्लीच घालून सिंकमध्ये ओतून टाकला. सरांनी एवढंच विचारलं, "मायक्रोस्कोपखाली पाहिलास?" नव्हतं पाहिलं. सबमिशनला ५ आठवडे उरले होते.

फायकोएरिथ्रिन क्लोरोफिलला नीट न पकडता येणारा हिरवा प्रकाश शोषून ती ऊर्जा पुढे पोचवतं. पाण्यात लाल प्रकाश वरच्या थरातच संपतो, निळा-हिरवा खोल जातो, म्हणून समुद्रात ही सोय कामाची. प्रकाश कमी असला की पेशी हे रंगद्रव्य वाढवते; प्रखर प्रकाशात जादा ऊर्जा उलट घातक ठरते, म्हणून ते कमी करते. इलेक्ट्रॉनिक्सचा रूम पार्टनर हे ऐकून म्हणाला, "सिग्नल वीक असला की अँटेना मोठा लागतो, एवढंच ना?" एवढंच!

पण एक घोळ होता. हे रंगद्रव्य प्रथिनाला जोडलेलं असतं, आणि माध्यमातला नायट्रेट संपला की पेशी तेच प्रथिन मोडून नायट्रोजन मिळवते. तेव्हाही कल्चर पिवळंच पडतं. आमचे आठ फ्लास्क भराभर वाढले होते. म्हणजे दोष उजेडाचा की उपासमारीचा, सांगणार कसं?

पुन्हा सुरुवात केली. नायट्रेट भरपूर, सुरुवातीच्या पेशी सारख्या, फक्त ट्यूबपासूनची अंतरं तीन. आमच्याकडे लक्समीटरच होता, आणि तो माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतो, शेवाळाच्या नाही. पण दिवा तोच ठेवला तर तुलनेपुरता चालतो.

सर्वात लांबचा फ्लास्क पुन्हा लाल झाला, पण वाढला अगदी हळू. लिटरमागे रंग किती, हे पेशीतला रंग आणि पेशींची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतं, त्यामुळे बाजी मधल्या अंतराने मारली. अर्क काढून ठेवताना मात्र नळीला फॉइल गुंडाळा. पेशीबाहेर आलेला हा रंग उजेडात फिका पडतो.