वॉकी-टॉकी घेताय? आधी फ्रिक्वेन्सी बघा, मग रेंज



केटरिंग, इव्हेंट, डेकोरेशन, पार्किंग, सिक्युरिटी. यातला कुठलाही धंदा करा, अडचण एकच असते. आपली माणसं एकाच जागेवर असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. लग्नात भटारखाना मागे, मंच पुढे, गेट रस्त्यावर. आचाऱ्याचे हात पिठात, त्यामुळे फोन उचलायला कोणी नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर तो पंगत उठल्यावर वाचला जातो. मग डोक्यात येतं, वॉकी-टॉकी घेऊन टाकू.

विचार बरोबर आहे. एक बटण दाबलं की सगळ्यांना एकदम ऐकू जातं. रिचार्ज नाही, नंबर शोधणं नाही. पण घाईत चुकीचा सेट घेतला तर पैसे तर जातातच, वर कायद्याचा त्रास. म्हणून व्हिडिओत जे भराभर सांगितलं, ते इथे सावकाश आणि क्रमाने बघू.

१. पहिला प्रश्न रेंजचा नाही, परवानगीचा

आपल्याकडे रेडिओ लहरी वापरायला सरकारची परवानगी लागते. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याशिवाय असा संच नुसता जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. "मी वापरला कुठे, नुसता ठेवला होता" हे कारण चालत नाही.

मग छोट्या व्यावसायिकाने काय करायचं? २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा एक छोटा पट्टा कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीसाठी परवान्यातून मोकळा केला आहे. या पट्ट्यात चालणाऱ्या सेटला वेगळा परवाना काढावा लागत नाही. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची 'इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल', म्हणजे ईटीए मान्यता असायला हवी.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना तीन गोष्टी विचारा:
- सेट नेमका कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो?
- ईटीए प्रमाणपत्र दाखवता का?
- पक्कं बिल देता का, आणि त्यावर मॉडेल नंबर लिहिता का?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी नियमावली काढली. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकले जात होते, म्हणूनच ती काढावी लागली. तेव्हा साइटवर दिसतंय म्हणजे कायदेशीर आहे, असं धरून चालू नका.

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवा. पहिला, स्वस्तातले 'सगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालणारे' सेट. यात हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता येते, हाच त्यातला धोका. पोलीस किंवा इतर सेवांच्या लहरींत अडथळा आला तर प्रकरण कुठल्या कुठे जाईल. हौशी रेडिओवाल्यांकडे असे सेट असतात, पण त्यांनी परीक्षा देऊन परवाना घेतलेला असतो, आणि त्या परवान्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही.

दुसरा, अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेले सेट. तिथले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते कायदेशीर आहेत, इथे तो पट्टा मोकळा नाही. भेट कितीही छान असो, लग्नाच्या कामावर आणू नका.

२. डब्यावरची रेंज आणि कार्यालयातली रेंज

डब्यावर 'पाच किलोमीटर' लिहिलेलं असतं. ते मोकळ्या माळावर, मध्ये काही आडवं नसताना. आपलं काम असतं आरसीसी स्लॅब, पत्र्याची शेड, तळघरातलं पार्किंग अशा ठिकाणी. प्रत्येक भिंत आणि प्रत्येक स्लॅब सिग्नल खातो. पत्रा आणि लोखंड तर जास्तच.

म्हणून विकत घेण्याआधी दोन सेट भाड्याने किंवा ओळखीत मागून आणा आणि 'चालून चाचणी' करा. जागेचा साधा नकाशा कागदावर काढा. एक जण मंचाजवळ उभा राहील, दुसरा गेट, भटारखाना, तळघर, गच्ची असं फिरेल आणि प्रत्येक ठिकाणाहून बोलेल. स्वच्छ आलं तर ३, खरखर आली पण कळलं तर २, काहीच नाही तर १. अर्ध्या तासात कुठे अडतंय ते कागदावर दिसेल. हा कागद जपून ठेवा. त्याच कार्यालयात पुन्हा काम मिळालं की परत मेहनत नाही.

३. रिपीटर म्हणजे काय, आणि तो आपल्याला लागतो का?

कुठे १ आला की लगेच कोणीतरी म्हणतं, "रिपीटर लावा." रिपीटर हा उंचावर बसवलेला संच असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच बोलणं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुढे पाठवतो. दोन हातातले सेट एकमेकांना ऐकू शकत नसले, तरी दोघांना रिपीटर ऐकू येतो, म्हणून काम होतं.

इथे 'दोन फ्रिक्वेन्सी' हे शब्द महत्त्वाचे. त्या एकमेकींपासून बऱ्याच लांब असाव्या लागतात, नाहीतर रिपीटरचा स्वतःचाच आवाज त्याचे कान बधिर करतो. आपला मोकळा पट्टा आहे फक्त ०.२ मेगाहर्ट्झचा. त्यात साडेबारा किलोहर्ट्झचे १६ चॅनेल बसतात आणि पट्टा संपतो. एवढ्याशा जागेत असा रिपीटर बसवायला अंतरच उरत नाही. म्हणजे रिपीटर हवा तर स्वतःची फ्रिक्वेन्सी आणि परवाना आलाच. त्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर करायचा, शुल्क भरायचं, शिवाय उंच जागा, अँटेना आणि अखंड वीज सांभाळायची.

साखर कारखाना, खडीची खाण, मोठी टाउनशिप यांना हा खर्च परवडतो, कारण तिथे रोज, वर्षभर काम असतं. आठवड्याला दोन लग्नं करणाऱ्याने त्याआधी हे तीन मार्ग बघावेत:

मधला माणूस. जिना, गच्ची किंवा कोपरा अशी जागा शोधा जिथून दोन्हीकडे ३ येतो. तिथे ज्याची ड्यूटी आहेच, त्याला सांगा, "तळघराचा निरोप तू पुढे सांगायचा." हा आपला फुकटचा रिपीटर. निरोप जसाच्या तसा सांगायचा, स्वतःची भर घालायची नाही, एवढीच अट.

सिमवर चालणारा सेट. दिसायला वॉकी-टॉकीच, पण आत सिम असतं आणि बोलणं मोबाईल नेटवर्कवरून जातं. गोडाऊन एका गावात, दुकान दुसऱ्या गावात असेल तर हा चांगला. दरमहा डेटाचा खर्च येतो, आणि जिथे मोबाईलला नेटवर्क नाही तिथे हाही मुका.

ट्रंकिंग सेवा. काही मोठ्या शहरांत परवानाधारक कंपन्या स्वतःच्या रिपीटरवर पैसे घेऊन सेवा देतात. परवान्याची डोकेदुखी त्यांची, भाडं आपलं. डिलिव्हरी किंवा टोइंगच्या गाड्या चालवणाऱ्यांनी चौकशी करावी.

४. बोलायची शिस्त

सेट कितीही भारी असो, बोलता येत नसेल तर गोंधळच. टीमला दहा मिनिटं बसवून एवढं शिकवा:

- बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "चार नंबरची गाडी" चं "नंबरची गाडी" होतं.
- सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना सरळ वर. अँटेना मुठीत धरू नका.
- आवाज पोचत नसेल तर ओरडू नका. दोन पावलं खिडकीकडे सरका.
- आधी कोणाला, मग कोण. आणि नावाऐवजी जागा. गणेश दोन असतात, गेट एकच.
- निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणायचा.

असं:
"भटारखाना, इकडे मंच. पंगत दहा मिनिटांत बसवतोय. ओव्हर."
"मंच, पंगत दहा मिनिटांत. वाढपी तयार ठेवतो. ओव्हर."

एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही जात नाही. कोणाचं बटण खिशात दाबलं गेलं तर अख्खा चॅनेल बंद पडतो. "सगळे गप्प कसे झाले?" असं वाटलं की आधी तेच तपासा. आग, चक्कर, हरवलेलं मूल यासाठी एक ठरलेला शब्द ठेवा. तो ऐकला की बाकी सगळे गप्प.

५. गुपित रेडिओवर नाही

सेटमध्ये 'प्रायव्हसी कोड' असतो. नावावर जाऊ नका. तो लावला की दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवर असलेल्या कोणालाही ऐकता येतं. म्हणून "आहेराची पाकिटं घेऊन निघालो", "गल्ल्यात एवढी कॅश आहे" असलं काही रेडिओवर बोलायचं नाही. पैसे, दागिने, पाहुण्यांचे फोन नंबर हे फोनवर किंवा समोरासमोर.

मोकळा पट्टा सगळ्यांचा आहे. शेजारच्या लॉनवरही तोच चॅनेल चालू असू शकतो. सकाळीच जाऊन बोलून घ्या. "दादा, तुम्ही कितव्या चॅनेलवर? आम्ही सात घेतो." दिवसभराची कटकट वाचते.

६. विकत की भाड्याने?

समजा एक सेट ४,००० रुपयांचा आणि तुम्हाला चार लागतात. झाले १६,०००. समजा भाडं दिवसाला सेटमागे २०० रुपये, म्हणजे एका कामाला ८००. १६,००० भागिले ८००, बरोबर २० कामं. वर्षात २० पेक्षा बरीच जास्त कामं नक्की असतील तर विकत घ्या. पहिलंच वर्ष असेल तर भाड्याने, पण भाड्याच्या सेटचीही फ्रिक्वेन्सी आणि ईटीए विचारूनच. आपल्या शहरातले खरे आकडे घालून हे गणित स्वतः करा. जास्तीच्या बॅटऱ्या धरायला विसरू नका. कंपन्या बॅटरीचे तास मोजतात ते ९० टक्के वेळ सेट नुसता चालू, ५ टक्के ऐकणं, ५ टक्के बोलणं असं धरून. लग्नात आपण त्यापेक्षा जास्त बोलतो, म्हणजे बॅटरी आधी संपणार.

आजचा गृहपाठ: तुमच्या पुढच्या कामाच्या जागेचा नकाशा काढा, माणसं कुठे उभी राहणार तिथे खुणा करा, आणि प्रत्येक खुणेला जागेचं नाव द्या. किती सेट लागतात आणि मधला माणूस कुठे हवा, हे त्या कागदावरच कळेल. दुकानात जायचं ते त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!