पाळीचे दुखणे आणि 'विजया'चे तेल

पाळीच्या कळांवर गांजाच्या झाडापासून काढलेले तेल घ्यावे का, हा प्रश्न आता गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशातूनही येऊ लागला आहे. मोबाइलवर जाहिरात दिसते आणि आयुर्वेदातल्या नावाने 'विजया अर्क' लिहिलेली बाटली कुरिअरने घरपोच येते. माझे उत्तर आधीच सांगते: आज घेऊ नका. मात्र 'गांजा म्हणजे वाईटच' म्हणून हे सांगत नाही.

आधी दुखण्याबद्दल. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतात. पाळीच्या संप्रेरकांमुळे तिथेही दर महिन्याला सूज येते आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. जगात प्रजननवयातल्या साधारण दहापैकी एका बाईला हा आजार असतो आणि निदानाला सहसा अनेक वर्षे लागतात. कारण उघड आहे: पाळीत दुखायचेच, असे आई सांगते, सासू सांगते, कधी डॉक्टरही सांगतात. मग रोवणीत चिखलात वाकलेली बाई गोळी गिळून काम ओढते. दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू झाला की आपल्याच गावच्या नाटक कंपनीतली नटीही तेच करून पहाटेपर्यंत रंगमंचावर उभी राहते. आतल्या तालुक्यांत पाळीच्या दिवसांत बाई वेगळ्या झोपडीत, कुर्माघरात, जाते. तिचे दुखणे घरच्यांच्या नजरेलाही पडत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ज्यांचे दुखणे इतकी वर्षे कुणी विचारले नाही, त्यांना जाहिरातवाल्याने विचारले, तर त्या बाटली मागवणारच. त्यांना मी दोष देणार नाही.

आता बाटलीत काय आहे ते पाहू. गांजाच्या झाडातले दोन घटक महत्त्वाचे: नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी. आपल्या मज्जातंतूंवर आणि गर्भाशयातही या घटकांना प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) असतात, म्हणून संशोधकांना आशा वाटते. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एंडोमेट्रिओसिस घडवलेल्या उंदरांना टीएचसी दिले, तेव्हा वेदना कमी झाल्या आणि गाठींची वाढही मंदावली. पण ते उंदीर होते. माणसांवरच्या चाचण्या अमेरिकेत आणि युरोपात हाती घेतल्या गेल्या आहेत. त्यातून या आजारासाठी मान्यता मिळालेले एकही औषध अजून बाहेर आलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका सर्वेक्षणात एंडोमेट्रिओसिसवर स्वतःच उपाय करणाऱ्या १३ टक्के बायकांनी गांजा वापरत असल्याचे सांगितले आणि गुणही चांगला येतो म्हणाल्या. त्यांचे खोटे आहे असे नाही, पण वेदनेच्या औषधांत नुसत्या विश्वासानेही बरेच बरे वाटते. वेदनेवरच्या गांजाच्या चाचण्या २०२२ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा बिनऔषधी गोळी घेतलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडलेला दिसला.

मात्रेचा हिशोब तर कुणी सांगतच नाही. सीबीडीचे मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत २०१८ पासून काही दुर्मीळ प्रकारच्या फिट्ससाठी मिळते. त्याची नेहमीची मात्रा रोज किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५०० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलेले मिलिग्रॅम वाचा आणि ती किती दिवस पुरेल ते मोजा. त्या मात्रेला यकृतावर लक्ष ठेवावे लागते आणि फिट्सच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम बदलू शकतो. बाळासाठी प्रयत्न करत असाल, आणि या आजारातल्या कित्येक जणी करत असतात, तर हे तेल नकोच. टीएचसी नाळेतून बाळापर्यंत जाते.

'आयुर्वेदात विजया आहेच की,' असे कुणी म्हणेल. आहे. पण आयुषचा परवाना म्हणजे एंडोमेट्रिओसिसवर चाचणी झाल्याचा दाखला नव्हे. ग्रंथोक्त विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत तिचे नाव आहे आणि अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. चिलमीतला गांजा तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हाच आहे. तंबाखूच्या खर्र्याला आधीच 'पोटदुखीवर बरा' म्हणणारे आपल्याकडे आहेत, त्यात आणखी भर नको.

मग करायचे काय? दुखण्याने शाळा किंवा मजुरी बुडते, संबंधांच्या वेळी खोल दुखते, पाळीत शौचाला कळ येते किंवा मूल राहत नाही, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्या. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असे समजू नका. अंडाशयातली 'चॉकलेट' गाठ तिच्यात दिसते, बारीक चट्टे बहुधा दिसत नाहीत. आता प्रत्येकीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करूनच निदान करावे लागत नाही, लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात. मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी कळ वाढायच्या आधी, जेवणानंतर घ्यावी. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नको. त्याने भागले नाही तर डायनोजेस्ट ही संप्रेरकाची गोळी, रोज २ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, घाबरून मध्येच बंद करू नका. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नका.

आणि 'पिशवी काढून टाका' असे कुणी पहिल्याच भेटीत सुचवले, तर थांबा. हा आजार पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून चट्टे तसेच राहिले तर दुखणे राहू शकते, आणि सोबत दोन्ही अंडाशये गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. असा निर्णय दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये, मग त्यासाठी ब्रह्मपुरीला जावे लागो की नागपूरच्या मेडिकल कॉलेजला. जाताना तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, कोणत्या दिवशी किती दुखले आणि कोणती गोळी किती घेतली, हे लिहिलेली वही न्या. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागदही न्या, कारण त्या आजारातही पोटात कळा येतात. तेल आधीच सुरू केले असेल तर बाटलीही सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. लाजून लपवली तर गोळ्यांचा मेळ त्यांना घालता येणार नाही.